लांब कीलची छोटी फायबरची शिडाची बोट: घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. तिथल्या सोलेंट सामुद्रधुनीत माझी कॉन्टेसा २६ ही छोटी शिडाची बोट मुअरिंगवर (तळाशी नांगरलेल्या तरंगत्या बोयाला) बांधलेली असते. दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणीतरी मराठी माणूस एक दिवस बोटीवर येतं, दोर ओढतं, खारं पाणी अंगावर घेतं, आणि आठवड्याभरात फोन येतो: "मलाही अशीच एक बघायची आहे." पुढचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात, म्हणून ते एकदाच इथे लिहून ठेवतो आहे. मी सर्वेअर (बोटींची तपासणी करणारा) नाही की बोटींचा दलाल नाही. बोट घेण्याआधी अकरा बोटी पाहिल्या, त्यातल्या दोन जवळजवळ घेतल्या होत्या आणि वाचलो, एवढंच माझं शिक्षण.

लांब कील म्हणजे नेमकं काय?

कील म्हणजे बोटीचा कणा. कोकणात होड्या बांधणारे सुतार त्याला पठाण म्हणतात. लांब कीलच्या बोटीत हा कणा नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) जरा मागून खाली उतरतो आणि थेट सुकाणूपर्यंत जातो. सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला बिजागऱ्यांवर टांगलेलं असतं. आत शिसं किंवा बीड भरलेलं असतं. बोट पाण्याबाहेर काढल्यावर बाजूने पाहा: अंग कुठे संपलं आणि कील कुठे सुरू झाली हे नेमकं दाखवता येत नाही. आजच्या बहुतेक बोटींना पोटाखाली माशाच्या पंखासारखी एक अरुंद कील बोल्टांनी कसलेली असते, आणि सुकाणू तिच्यापासून दूर मागे एकटंच लोंबत असतं. त्या फिन कीलच्या बोटी.

"लांब" यातही पायऱ्या आहेत. काही बोटींची कील जवळजवळ पूर्ण लांबीभर जाते. फोकबोटीच्या (तिच्याबद्दल पुढे येईलच) घराण्यातल्या बोटींच्या कीलचा पुढचा भाग बराच कापलेला असतो. दोन्हींना लांब कीलच म्हणतात. अल्बिन वेगासारख्या बोटीपाशी आलं की हिची कील लांब म्हणायची का यावर बंदरावरचे म्हातारे आपसात भांडायला लागतात. तुम्ही त्यात पडू नका.

इतकी चांगली असेल तर आता अशा बोटी का बनत नाहीत?

अजून थोड्या बनतात, पण महाग असतात. मुख्य कारण वेग. लांब कील म्हणजे पाण्याला घासणारा पृष्ठभाग जास्त, आणि हलक्या वाऱ्यात हे घर्षणच बोटीला मागे ओढतं. दुसरं कारण जागा. मरिनात (बोटी धक्क्याला लावायच्या तळावर) बोट लावायचं भाडं लांबीवर ठरतं, त्यामुळे गिऱ्हाईकाला त्याच लांबीत जास्तीत जास्त खोल्या हव्या असतात. रुंद, उथळ, मागून चौकोनी बोटीत दोन केबिन आणि उभं राहून अंघोळ करण्याइतकी जागा निघते. माझ्या बोटीत अंघोळ म्हणजे कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीत, बादली.

मग फायदा काय?

पहिला फायदा दिशेचा. शिडं नीट लावली की ती रुळावरून चालल्यासारखी चालते. वारा फार मागून नसेल तर टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, दोरीने बांधून मी चहा करायला खाली जातो. हलक्या फिन कीलच्या बोटीत असं करायला गेलात तर किटली पेटायच्या आत तिचं तोंड वाऱ्यात गेलेलं असतं.

दुसरा फायदा थांबण्याचा. वारा वाढला, माणसं थकली, जेवायचं आहे, किंवा बंदरात शिरायला भरतीची वाट पाहायची आहे. अशा वेळी जिब (पुढचं शीड) उलट्या बाजूला धरायचं, मेनसेल (मुख्य शीड) आखडायचं, टिलर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधायचं. बोट लाटांना तिरका खांदा देऊन शांत बसते आणि हळूहळू सरकत राहते. याला हीव्ह-टू म्हणतात. बहुतेक बोटींना हे कमी-अधिक जमतं, लांब कीलवाल्यांना ते अंगभूतच असतं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा, दोन मिनिटांपूर्वी आपण ज्या समुद्राला घाबरलो होतो तो हाच का, असं वाटलं होतं.

तिसरा फायदा आपटण्याचा. सुकाणू आणि इंजिनाचा पंखा दोन्ही कीलच्या आडोशाला असतात. मासेमारीचा दोर आला तर बहुधा खालून घसरून जातो. वाळूवर टेकलात तर सगळा भार लांब कण्यावर पसरतो. ओहोटीच्या आधी धक्क्याच्या भिंतीला टेकवून उभी केली की पाणी उतरल्यावर तळ घासून रंगवता येतो, क्रेनचे पैसे वाचतात.

उलटी चालत नाही म्हणतात, खरं आहे?

खरं आहे. यात कुणी तुम्हाला गोड बोलून फसवू नये म्हणून सविस्तर सांगतो.

पुढे जाताना पंख्याचं पाणी थेट सुकाणूवर आदळतं, त्यामुळे बोट लगेच ऐकते. रिव्हर्समध्ये ते पाणी उलट दिशेला, कीलकडे फेकलं जातं आणि सुकाणूला काहीच मिळत नाही. वर पंख्याच्या फिरण्याने बोटीचा मागचा भाग एका बाजूला ओढला जातो. उजवीकडे फिरणारा पंखा असेल तर रिव्हर्समध्ये शेपूट डावीकडे जातं. लांब कील वळायला विरोध करत असते ती वेगळीच. त्यामुळे टिलर कुठेही धरा, बोट जायचं तिथेच जाते.

पहिल्या महिन्यात मी एका मरिनात पाहुण्यांच्या जागेतून मागे निघालो आणि समोरच्या चकचकीत बोटीच्या नाळेशी माझी शेपटी तिरकी नेऊन ठेवली. मालक वर आले, बघितलं, शांतपणे म्हणाले, "लाँग कील?" आणि फेंडर (धक्का झेलणारी फुगीर उशी) खाली सोडला. त्यांच्याकडे पूर्वी तशीच होती.

उपाय आहेत. जागेत शिरताना बाहेर कसं निघायचं ते आधी ठरवा. शेपूट कुठे ओढलं जाणार हे माहीत असेल तर तोच ओढा वापरून जागच्या जागी वळता येतं: थोडा पुढे जोर, थोडा मागे, टिलर एकाच बाजूला. दोर वापरा, कुणी हसत नाही. आणि जमलं तर मरिनाऐवजी मुअरिंग घ्या, तिथे रिव्हर्सची गरजच पडत नाही. तुमचं मन मरिनातच रमणार असेल, दर शनिवारी अरुंद गल्लीत आत-बाहेर करायचं असेल, तर दुसरी बोट बघा.

लाकडाची का नको? दिसायला किती सुंदर असते.

असते. दुसऱ्याची असावी.

गंमत बाजूला. लाकडी बोट ही दर हिवाळ्याची नोकरी आहे. फायबरची बोट दोन वर्षं दुर्लक्ष सहन करते, लाकडाची करत नाही. आणि १९६० च्या सुमाराची फायबरची बोट नव्या साच्यात ओतलेली जुनीच बोट होती: आकार लाकडी बोटींच्या आरेखनकारांनी दिलेला, द्रव्य नवं. या नव्या द्रव्यावर त्या वेळच्या बांधणाऱ्यांचा पुरता विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी थर जाड दिले. त्याचा फायदा आज आपल्याला होतो.

पन्नास वर्षांचं फायबर म्हणजे भिकारडं नाही का झालेलं?

फायबर सहसा मरत नाही. त्याच्या आत-बाहेर जोडलेल्या वस्तू मरतात.

लोक घाबरतात ते ऑस्मोसिसला. वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यावर थोडं पाणी जेलकोटमधून (बाहेरच्या गुळगुळीत थरातून) आत झिरपतं, पॉलिएस्टर रेझिनमधल्या काही द्रव्यांत मिसळतं, तो द्रव आणखी पाणी ओढतो आणि बाहेर फोड येतो. फोडला तर चिकट पाणी निघतं, व्हिनेगरसारखा वास येतो. तुरळक फोड असतील तर ते खरवडून, वाळवून, इपॉक्सीने भरता येतात. सगळा तळ भरलेला असेल तर जेलकोट सोलून काढायचा, पुन्हा पुन्हा धुवायचा, महिनोन्‌महिने वाळवायचा आणि मग इपॉक्सीचे थर द्यायचे. हे बाहेरून करून घेतलं तर छोट्या बोटीच्या किमतीहून जास्त खर्च येऊ शकतो. पण ऑस्मोसिसने बोट बुडाल्याचं मी ऐकलेलं नाही. किंमत पाडायला मात्र त्याचा उत्तम उपयोग होतो.

खरी भीती डेकची. बऱ्याच बोटींचा डेक सँडविचसारखा असतो: वर-खाली फायबर, मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लाय. वर बसवलेल्या प्रत्येक क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) बोल्टातून पाणी आत जातं आणि मधलं लाकूड कुजतं. वरून रंग छान असतो. पायाखाली मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. मी जवळजवळ घेतलेली एक बोट अशीच होती: नव्या गाद्या, नवे पडदे, कप ठेवायला सागवानी फळी. विकणाऱ्याने चहासुद्धा दिला. माझ्याबरोबर आलेल्या मित्राने स्क्रूड्रायव्हरची मूठ डेकवर ठोकत नेली, आणि डोलकाठीच्या पुढे टक-टकचं धप-धप झालं.

कोणत्या बोटी बघाव्यात?

जवळजवळ सगळ्या वाटा एका स्वीडिश स्पर्धेकडे जातात. १९४१ मध्ये स्कँडिनेव्हियात सामान्य माणसाला परवडेल अशा बोटीच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली. एकही आराखडा पूर्णपणे पसंत पडला नाही, म्हणून चांगल्या आराखड्यांतले गुण एकत्र करायचं काम टूर्ड सुंदेन यांना दिलं गेलं. १९४२ मध्ये पहिली फोकबोट पाण्यात उतरली: लांबी ७.६८ मीटर, रुंदी २.२० मीटर, डूब (पाण्याखालची खोली) १.२० मीटर, वजन १,९३० किलो, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त कीलमध्ये. फोक म्हणजे लोक, तेव्हा ही लोकांची बोट. सुरुवातीच्या लाकडी, फायबरच्या नंतर आल्या. १९६० साली प्लिमथ ते न्यूयॉर्क अशी पहिली एकट्याने अटलांटिक ओलांडायची शर्यत झाली, तिच्यात ब्लाँडी हॅस्लर यांनी चिनी धाटणीचं शीड लावलेली 'जेस्टर' ४८ दिवसांत नेऊन दुसरा क्रमांक मिळवला. ती फोकबोटीचंच रूपांतर होती.

सुंदेन यांनीच पुढे फायबरसाठी इंटरनॅशनल फोकबोट केली, तिला आयएफ म्हणतात. स्वीडनच्या मारिएहोल्म यार्डने १९८४ पर्यंत अशा तीन हजारांहून जास्त बांधल्या. पहिली बोट म्हणून मला विचाराल तर हीच. स्वस्त, भरपूर उपलब्ध, आणि चालवताना मन प्रसन्न करते. आत मात्र बसूनच राहायचं.

कॉन्टेसा २६ हीसुद्धा फोकबोटीची लेक. डेव्हिड सॅडलर यांचा आराखडा, लिमिंग्टनमध्ये जेरेमी रॉजर्स यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधायला सुरुवात केली, पुढे कॅनडातही बांधल्या गेल्या. टानिया एबी अठरा वर्षांची असताना १९८५ मध्ये 'वरुणा' नावाच्या अशाच बोटीतून न्यूयॉर्कहून निघाली आणि १९८७ मध्ये पृथ्वीला वळसा घालून परतली. बोटीचं नाव वरुणा, हे मी आईला सांगितलं तेव्हा तिचा माझ्या बोटीवरचा विश्वास एकदम वाढला.

अल्बिन वेगा २७ आत जरा मोकळी आहे. पेर ब्रोहॅल यांच्या आराखड्यावर तीन हजारांहून जास्त निघाल्या, त्यामुळे माहिती आणि जुने सुटे भाग मिळतात. डोलकाठी डेकवर उभी असते, तेव्हा तिच्याखालचा आधार वाकलाय का हे नीट पाहा. २०११-१२ मध्ये मॅट रदरफर्ड यांनी वेगातून एकट्याने, कुठेही न थांबता उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला वळसा घातला. ३०९ दिवस लागले.

अमेरिकेत किंवा कॅनडात असाल तर कार्ल अल्बर्ग हे नाव शोधा. स्वीडनमध्ये जन्मलेला हा माणूस अमेरिकेत गेला आणि आयुष्यभर एकाच स्वभावाच्या बोटी काढत राहिला: अरुंद, जड, शांत. १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये आलेली २८ फुटी पिअर्सन ट्रायटन त्याचीच, सातशेहून अधिक निघाल्या. अल्बर्ग ३० आणि केप डोरी घराण्यातल्या बोटीही त्याच्याच. बे एरियात किंवा बोस्टनजवळ राहणाऱ्या मराठी मंडळींना बंदरावर दोन-चार चकरा मारल्या तरी यातली एखादी दिसेल.

थोडी मोठी हवी असेल तर निकल्सन ३२. १९६३ पासून बांधली गेली, साडेतीनशेहून अधिक निघाल्या. तिच्यात उभं राहता येतं, समुद्रात पुस्तक वाचता येतं. पण वजन सहा टनांच्या आसपास, आणि वजनाबरोबर प्रत्येक दोराची, प्रत्येक शिडाची, नांगराची किंमत चढते. उलट टोकाला फ्लिका: वीस फूट, पण वजन पावणेतीन टनांच्या घरात. खेळण्यातली वाटते, किंमत खेळण्यातली नसते.

कॉन्टेसा ३२ चं फार नाव ऐकलं. तीही लांब कीलचीच ना?

नाही. तिला फिन कील आहे आणि सुकाणूपुढे स्केग नावाचा आधार आहे. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ शर्यतकऱ्यांचा बळी घेतला, तेव्हा सर्वांत लहान वर्गातली शर्यत पुरी करणारी एकमेव बोट 'असेंट' ही कॉन्टेसा ३२ होती. म्हणजे समुद्रात टिकायला लांब कीलच लागते असं नाही. वजन, रुंदी, भार किती खाली आहे, हे सगळं मिळून ठरतं. त्या वादळानंतर एक ढोबळ सूत्र निघालं: बोटीच्या वजनाला (पौंडात) ६४ ने भागा, घनमूळ काढा, आणि रुंदीला (फुटात) त्याने भागा. उत्तर २ च्या खाली यायला हवं. माझ्या बोटीचं १.७ येतं. सूत्राला कील किती खोल आहे हे कळत नाही, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. पण रुंद आणि हलकी बोट पटकन ओळखता येते.

वेग किती मिळेल?

पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटातलं वर्गमूळ गुणिले १.३४, इतके नॉट्स (ताशी सागरी मैल) ही साधारण कमाल. २१ फूट असेल तर सहा नॉट्सच्या थोडं वर. प्रवासाचा हिशोब साडेचारने करा. नीडल्सच्या खडकांपासून शेर्बूर सुमारे साठ सागरी मैल, म्हणजे तेरा-चौदा तास. (जाता जाता: बोटीने गेलात तरी फ्रान्स फ्रान्सच असतो. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा काढा आणि कुठल्या बंदरात नोंद करायची ते आधी बघा.)

बोट बघायला गेल्यावर काय बघू?

आधी नाक. केबिनचं दार उघडताच डिझेल, कुबट आणि गटार असा मिश्र वास आला तर मालकाने वर्षभर दार उघडलेलं नाही.

मग मालकाची वही मागा. बोटीची वही: शिडांच्या तारा कधी बदलल्या, इंजिनाचं तेल कधी, कुठला व्हॉल्व्ह कधी. मी शेवटी घेतलेली बोट दिसायला अकरांतली सर्वांत कळकट होती. पण तिचे मालक निवृत्त शिक्षक होते आणि त्यांच्याकडे सतरा वर्षांच्या नोंदींच्या तीन वह्या होत्या, वॉशर बदलल्याच्या नोंदीसकट. जुन्या बोटीत मॉडेलचं नाव दुय्यम असतं, आधीच्या माणसाची सवय आपण विकत घेत असतो. चांगल्या नावाची, वाईट मालकाची बोट मी दोनदा पाहिली आणि दोन्हीदा पळालो.

वही वाचून झाली की गुडघ्यावर बसा. डोलकाठीला धरणाऱ्या तारा डेकमध्ये जिथे जातात त्या पट्ट्यांखाली गंजाचे ओघळ आहेत का? तारा दहा वर्षांच्या पुढच्या असतील तर बदलायचा खर्च धरून चला, विमा कंपनीही बहुधा विचारेल. तळातून पाणी घेणारे-सोडणारे व्हॉल्व्ह हाताने फिरवून पाहा. पितळी असतील आणि खरवडल्यावर गुलाबी दिसले तर त्यातलं जस्त निघून गेलंय, एक दिवस हातात तुटून येतील. सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवा. खालच्या बिजागरीत खडखड असेल तर भाव करा, कारण लांब कीलच्या बऱ्याच बोटींत सुकाणू काढायला बोट उंच उचलावी लागते किंवा खाली खड्डा खणावा लागतो.

कीलचा तळ वाकून बघा. भार बहुतेक वेळा फायबरच्या आतच बंद असतो, म्हणून कील-बोल्टांची चिंता नसते, हा मोठाच फायदा. पण खडकावर आपटून कवच फुटलं असेल आणि नीट भरलं नसेल तर पाणी आत जातं. आत बीड असेल तर ते गंजून फुगतं. जुन्या दुरुस्तीचा वेगळा रंग, ओल, तांबडा ओघळ दिसला तर सर्वेअरला नेमकी तीच जागा दाखवा.

सर्वेअर लागतोच का?

लागतो. जुन्या बोटीला विमा देताना अनेक कंपन्या अहवाल मागतातच. बोट पाण्याबाहेर काढूनच तपासणी करून घ्या. आणि "विकणाऱ्याच्या ओळखीचा" सर्वेअर नको.

इंजिन?

बोटीत सर्वांत लवकर पैसे खाणारी वस्तू. मूळ पेट्रोल इंजिन अजून असेल तर ती बोट वेगळ्या किमतीची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते आणि ठिणगीची वाट पाहते. चालतं डिझेल असलेली बोट हजार-दोन हजार पौंड महाग असली तरी बहुधा तीच स्वस्त. बघायला जाण्याआधी मालकाला सांगा, "इंजिन आधी चालू करून ठेवू नका." थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात लागतं का आणि धूर कोणत्या रंगाचा येतो, तेच तर बघायचं असतं. काही आयएफ आणि कॉन्टेसांना नुसती आउटबोर्ड मोटर मागे टांगलेली असते. शांत पाण्यात ठीक, लाटांत ती अर्धा वेळ हवेत ओरडते.

एकूण खर्च?

मी बघत होतो तेव्हा चालू स्थितीतल्या आयएफ, वेगा, कॉन्टेसा २६ तीन-चार हजार पौंडांपासून पंधरा हजारांपर्यंत दिसत होत्या. त्याच्या खालच्या "फक्त थोडं काम बाकी" वाल्या बोटी सोडून द्या, फुकट दिली तरी. मुअरिंग, विमा, वर्षातून एकदा उचलणं, तळाचा अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग हे दर वर्षी ठरलेलं. पहिल्या वर्षी बोटीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे बाजूला ठेवा. माझे अर्ध्याएवढे गेले, कारण मला नवी शिडं हवीच होती. हवीच होती असं मी घरी सांगितलं होतं.

अशा बोटीतून खरंच जगप्रदक्षिणा होते?

होते. एकट्याने, न थांबता जग फिरायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियमच तसा आहे: ३२ ते ३६ फूट, १९८८ पूर्वीचा आराखडा, लांब कील आणि तिच्या मागच्या कडेला सुकाणू. २०१८ ची शर्यत जाँ-लूक व्हान देन हेडे यांनी रस्लर ३६ मधून जिंकली. २०२२ ला निघालेल्या शर्यतीत अभिलाष टॉमी रस्लर ३६ मधूनच २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. २०१८ मध्ये मात्र त्यांची 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरात उलटली होती, डोलकाठी गेली, पाठीला गंभीर दुखापत झाली. लांब कील होती तरीही.

थुरिया गोव्यात बांधलेली, 'सुहेली'ची प्रतिकृती. आणि मूळ सुहेली मुंबईत सागवानात बांधलेली. तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ मध्ये न थांबता एकट्याने जग फिरून येणारे पहिले ठरले. दोन्ही लाकडी, त्यामुळे या पानाच्या विषयाबाहेरच्या, पण सोलेंटवर एखादा म्हातारा विचारतो, "यू आर फ्रॉम बॉम्बे?" तेव्हा पुढचा शब्द सुहेली असतो, आणि आपण उगाच छाती काढतो. आपले दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने प्रदक्षिणा केली, तीही गोव्यातच बांधलेली. ती ५६ फुटी, वेगळ्याच जातीची.

मुंबई-गोव्यात अशी बोट ठेवता येईल?

समुद्राची हरकत नाही, किनाऱ्याची आहे. जुन्या फायबरच्या अशा बोटी तिथे विकायला जवळजवळ नसतात, बाहेरून आणायची तर सीमाशुल्क आणि कागद बोटीहून भारी होतात. पावसाळ्याचे चार महिने ती बाहेर काढून झाकून ठेवायला जागा हवी. मुंबईच्या उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, त्यामुळे सव्वा मीटर डुबीची बोट खाडीत ओहोटीला चिखलात आडवी होणार. आधी तिथल्या एखाद्या क्लबात डिंगी (छोटी उघडी शिडाची होडी) शिका. बोट नंतर सुचेल.

लायसन्स लागतं का?

ब्रिटनमध्ये स्वतःची छोटी बोट किनाऱ्यालगत चालवायला कायद्याने लागत नाही. व्हीएचएफ रेडिओ वापरायला मात्र लागतं. आरवायए या इथल्या बोटिंग संघटनेचा डे स्किपर कोर्स करा, नाहीतर भरती-ओहोटीचं गणित पहिल्याच शनिवारी चुकतं.

बायको-मुलांना आवडेल?

अरुंद, जड बोट लाटेवर आपटत नाही, झुलते. ओकाऱ्या थोड्या कमी. पण ती पटकन कलते आणि मग तशीच स्थिर राहते, हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या वाऱ्याला घरचे ओरडतात. डेक पाण्याजवळ असल्याने भिजायला होतं. माझी मुलगी नाळेशी बसून पाय खाली सोडते. बायको कॉकपिटमध्ये पाठ टेकून बसते आणि दर अर्ध्या तासाने विचारते, "आता वळायचं ना?"

नाव बदललं तर अपशकुन होतो म्हणतात. मराठी नाव ठेवू का?

इथले जुने खलाशी बदलू नका म्हणतात. मी बदललं, नारळ फोडला, अजून तरंगतोय. छोट्या बोटींच्या नोंदवहीत नोंद असेल तर बदल कळवा. आणि नाव लहान ठेवा. माझ्या एका मित्राने 'मत्स्यगंधा' ठेवलं. रेडिओवर दर वेळी कोस्टगार्डला माइक-अल्फा-टँगो-सिएरा करत शेवटच्या अल्फापर्यंत पोहोचतो, तोवर बोट वळलेली असते.